बार का उडत नव्हता

सुदामच्या माय,

चुलीवर पाणी खदखदत होतं आणि तू आतून आवाज दिलास, "अवं, आणा माझी सवत बाहेर." बंदुकीला तू सवतच म्हणायचीस. मी ती खुंटीवरून काढली, अंगणातल्या दगडावर उभी धरली, हात भाजू नये म्हणून नळीला गोणपाट गुंडाळलं. तू तांब्यानं वरून पाणी ओतलंस, बारीक धार, एक थेंब बाहेर नाय. खालच्या भोकातून काळं पाणी गळायला लागलं, सडक्या अंड्याचा वास सुटला. तू नाकाला पदर लावून म्हणलीस, "एवढी घाण तर आपली म्हैस पण करत नाय." मी म्हणलो, "ओत गुमान." तू म्हणलीस, "धरा नीट, मग मला नका बोलू." पाणी पांढरं येईस्तोवर तू ओतलंस. मग मी गजाला चिंधी बांधून नळी पुसली आणि तू राहिलेल्या कढत पाण्यात माझा सदरा भिजवलास.

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू गोधडी वाळत घालायला गेलीस, सावलीला टेकलीस, ती उठलीच नाहीस.

चौकात पोरांनी तुझा फ्लेक्स लावलाय. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलाय, त्यात तू कुणावर तरी चिडल्यासारखी दिसतीस. खाली लिहिलंय, प्रेमळ, कष्टाळू, सोज्वळ. तेराव्यापर्यंत मी येता जाता ते वाचायचो आणि मला बरं वाटायचं. आता मी तिकडून जातच नाय, मागच्या गल्लीनं जातो. प्रेमळ व्हय. कष्टाळू तर लईच. पण सोज्वळ ज्यानं लिहिलं त्याला काय माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. सुदामला म्हणलो, फ्लेक्स उतरव. तो म्हणला, "बाबा, महिनाभर तरी राहू द्या, लोक काय म्हणतील." म्हणून मी माझं वेगळं लिहितोय. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे. सूनबाई चांगल्या अक्षरात उतरवून देते म्हणली. तिला बजावलंय, एक शब्द बदलायचा नाय, तुझ्याबद्दलचा तर नायच नाय.

तुला आठवत असंल, बंदूक काय चीज आहे ते तुला मीच शिकवलं. लग्न होऊन आलीस तवा तू तिला हात लावायला भ्यायचीस. ठासणीची बंदूक, माझ्या बापाची, रानाच्या राखणीच्या परवान्यावरची. मी तुला ओट्यावर बसवून सांगायचो. हिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, छर्रे घालायचे असतील तर ते, वर परत बोळा. मागं ही छोटी बोंडी आहे, हिच्या मधून बारीक भोक दारूपर्यंत जातं. बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार उडतो. तू म्हणलीस, "आणि नाय उडाला तर?"

मला तो सवाल लई आवडला होता. मी मास्तरासारखा सांगत बसलो. टोपी फुटलीच नाय तर समजायचं टोपी नीट बसली नाय. सैल असंल तर घोड्याचा पहिला दणका तिला नुसता खाली दाबतो, दुसऱ्याला फुटते. लई घट्ट असंल तर ती खालपर्यंत जातच नाय, तेव्हाही तसंच. टोपी फुटली पण बार उडाला नाय तर टोपीचा दोष नाय, भोकाची वाट बंद आहे, तेल राहिलंय नायतर घाण अडकलीय. म्हणून ठासायच्या आधी रिकाम्या नळीवर एक टोपी फोडायची आणि नळीचं तोंड राखेच्या ढिगाजवळ धरायचं. राख उडाली की वाट मोकळी. आणि टोपी फुटून कायच झालं नाय तर लगेच नळीत डोकवायचं नाय, आग आत रेंगाळलेली असती. नळी रानाकडं धरून जरा वेळ गप उभं राहायचं.

तू सगळं ऐकलंस. मान हलवलीस. एकदा विचारलंस, "म्हणजे वाट बंद झाली की कितीही चांगली टोपी घाला, उपयोग नाय?" मी म्हणलो, "शाबास." आता तो शाबास मला कानफाटात बसल्यासारखा आठवतो.

पुष्कळ वर्षं मी नुसती दारू उडवायचो, छर्रे नाय. आवाजानं डुकरं पळायची, रोही पळायचे. पण सगळ्या रानांत मका आला आणि डुकरं आवाजाला हसायला लागली. एकानं मला बांधावर पाडलं, मांडी फाडली. त्या हंगामापासून वनखात्याचा कागद काढला आणि मी छर्रे घालायला लागलो. तू नको म्हणलीस. भांडलीस. दोन दिवस जेवायला वाढलंस पण बोलली नाहीस. मी म्हणलो, रान माझं, मांडी माझी. तू म्हणलीस, "आधी डोळे दाखवा डाक्टरला. समोर कोण हाय ते दिसतंय का तुम्हाला?" मी म्हणलो, "तुझं थोबाड तर दिसतंय अजून." तू गप बसलीस. मला वाटलं मी जिंकलो.

त्याच हंगामातली ती संध्याकाळ. टोप्या बाजारातून नवीन आणल्या होत्या, त्या जरा मोठ्या निघाल्या. मी त्या बोटानं चिमटून बसवायचो. दिवेलागणीला मकाच्या कडेला डुक्कर दिसलं, काळं, बांधाला चिकटून बसलेलं. मी नेम धरला, चाप ओढला, घोडा पडला, खट. टोपी नुसतीच दबली. दुसऱ्यांदा घोडा ओढतोय तोवर ते उठलं आणि पळालं. घरी येऊन मी टोप्यांना शिव्या घातल्या. पारावर तर मी ते रंगवून सांगितलं, "असं भ्यालं गड्या, की दोन पायांवर पळतंय वाटलं." सगळे हसले. तू अंगणात दळण पाखडत होतीस. तू हसली नाहीस. मी म्हणलो, हिला कशाचंच हसू येत नाय.

मग मी शहागंजात रशीद मिस्त्रीकडं गेलो. त्यानं जुनी बोंडी काढून नवी बसवली, कानस मारून टोपीच्या मापाची केली. टोपी अशी बसायला लागली की नखानं ओढली तरच निघावी. दुकानामागं दहा टोप्या फोडून दाखवल्या, दहाही पहिल्या दणक्याला. म्हणला, "अब देखो भाऊ, घडी के माफिक चलेगी." मी तुला घरी येऊन सांगितलं. तू म्हणलीस, "बरं झालं." तेवढंच.

आणि तिथून पुढं बार उडायचा बंद झाला.

म्हणजे कसं, घरी राख उडायची. मी तुझ्यासमोर ठासायचो, खुंटीला लावायचो, जेवायचो, रानात जायचो. रानात टोपी चढवायचो, चाप ओढायचो, टोपी फटकन फुटायची आणि बार गप. मी सुईनं भोक कोचायचो, दुसरी टोपी लावायचो, की उडायचा. पण तोवर डुकरं पार नाल्यापलीकडं. एकदा नाय, दर खेपेला. मी दारू बदलली. उन्हात वाळवली. तेल घालायचं सोडलं. घोड्याची कमान बदलली. बोळा काथ्याचा होता तो कागदाचा केला. शेवटी मला एकच दिसलं, रशीदनं बोंडी चुकीची बसवली. मी त्याच्याकडं गेलो, तो दुकानामागं टोपी फोडायचा, लख्ख उडायची. मी म्हणायचो, "इथं उडती, रानात का नाय उडत?" तो म्हणायचा, "भाऊ, बंदूक में कुछ ऐब नई." मी त्याला चार लोकांत चोर म्हणलो. त्याच्या बापानं माझ्या बापाची बंदूक राखली होती आणि मी त्याच्या दुकानाची पायरी सोडली. तू फक्त म्हणलीस, "मिस्त्रीला एवढं नव्हतं बोलायचं." मी म्हणलो, "तुला काय कळतंय त्यातलं."

तुझा भाऊ भिवा. चुलत असला तरी तुला आक्का म्हणायचा, मला दाजी. दर साली त्याची मेंढरं आपल्या रानात बसायची, रानाला खत व्हायचं, त्याला आपल्याकडून दाणे. तोही त्याच साली यायचा बंद झाला. शेजारच्या रानात मेंढरं बसवायचा आणि आपल्या बांधावर पाय टाकायचा नाय. मी तुला किती टोचून बोललो असंल. "तुझ्या माहेरचा माणूस, दाणे खाऊन विसरला." तू भाकरी थापत राहायचीस, जरा जोरात. मला वाटायचं तुला लाज वाटती.

इलेक्शन लागलं की बंदूक ठाण्यात जमा करावी लागायची. तेव्हा तू खूश असायचीस. गाणं म्हणायचीस. मी लोकांना सांगायचो, आमच्या घरच्यांना मतदानाची लई हौस. 

आता त्या दिवसाचं सांगतो. तुझं तेरावं होऊन पाहुणे गेले. सुदाम वाळूजला कंपनीत ड्यूटीवर गेला. संध्याकाळी मला घरात बसवेना. मकात रोही आले असं कुणी तरी सांगत गेलं. मी राखेवर टोपी फोडली, ठासली, लगेच निघालो, जेवायला थांबलो नाय, कुणासाठी थांबायचं? कडेला पोचलो, काळं काळं हललं, चाप ओढला.

बार उडाला. पहिल्या टोपीला. खांद्याला असा दणका बसला की मी दोन पावलं मागं गेलो. धूर डोळ्यांत गेला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "उडाला गं!" मोठ्यानं म्हणलो मी. किती वर्षांनी. मला तुलाच सांगायचं होतं आधी.

घराकडून सूनबाई, सुनंदा, पळत आली. अनवाणी. पदर एकीकडं, ती एकीकडं. तोंड पांढरं पडलेलं. म्हणली, "मामा, कुणाला लागलं का?"

मी म्हणलो, "कुणाला म्हणजे? रोही होते. पळाले."

ती मटकन खालीच बसली. बसून रडायला लागली. मी म्हणलो, "अगं रडायला काय झालं? कुणाला लागलं का असं का विचारलंस?" मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज चढवला. मग म्हणली, "आत्यांनी सांगून ठेवलं होतं, मी नसले घरी की तू लाव. दिवसकार्याच्या गडबडीत माझ्या ध्यानातच राहिलं नाय."

"काय लाव?"

"मेण."

तिनं घरात जाऊन तुझा करंडा आणून माझ्या हातात दिला. कुंकवाचा. खालच्या कप्प्यात मेण. रोज सकाळी कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू लावायचीस तेच मेण. मी ठासून बंदूक खुंटीला लावली आणि जेवायला बसलो की तू नखावर जरासं मेण घेऊन बोंडीच्या भोकात दाबायचीस. बस. एवढंच. मी रानात टोपी फोडायचो, मेणाला ठिणगी अडायची. मी अंधारात सुई कोचायचो, मेण बाजूला व्हायचं, सुई काळी व्हायची, मला वाटायचं टोपीची काजळी. मग बार उडायचा आणि मेण जळून जायचं. उरलंसुरलं आपण दोघं मिळून कढत पाण्यानं धुवायचो. तू स्वतः ओतायचीस. रशीदच्या दुकानात जाईपर्यंत बंदूक आरशासारखी.

करंडा उघडून मी बसलो होतो. सुनंदा म्हणली, "मामा, मला नका विचारू का ते. मला त्यांनी शपथ घातली होती."

"सुदामला माहीत होतं?"

ती जमिनीकडं बघत राहिली. म्हणजे होतं.

सुदामला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं. म्हणला, "आईनं सांगितलं होतं बाबा." मी म्हणलो, "मग मी कोण?" पलीकडं नुसता मशिनचा आवाज येत होता.

तुझी चिता विझून दिवस झाले होते तरी तोवर मला तू घरात आहेस असं वाटायचं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, तू गेलीस. आणि खरं सांगू, बरं वाटलं, की समोर नाहीस. असतीस तर मी काय बोललो असतो ते मलाच माहीत नाय. एका ताटात जेवलो आपण. माझ्या बापाच्या आजारपणात तू त्याचं सगळं केलंस, माझ्या बहिणीनं केलं नाय तेवढं. मांडी फाटली तवा तू मला पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत आणलंस, मी तेवढा धट्टाकट्टा माणूस. ते मी विसरलो नाय. पण तीच बाई रोज संध्याकाळी माझ्याकडं पाठ करून माझ्या बंदुकीत मेण दाबत होती आणि मग मला विचारत होती, भाजीत मीठ बरं हाय का.

दुसऱ्या दिवशी हर्सूलवरून सिटी बस धरून शहागंजात गेलो. रशीदची पायरी चढलो. तो म्हातारा झालाय, चष्म्याला दोरी. मला बघून उठला नाय, हातातली कानस खाली ठेवली.

"आव भाऊ. गालियां देने आये क्या?"

मी म्हणलो, "मेणाचं तुला माहीत होतं?"

त्यानं पोराला चहा सांगितला आणि म्हणला, "बैठो तो सही."

"नाय बसत. सांग."

"भाभी आये थे. इधरिच बैठे थे, जहां तुम खडे हैं. मेरेकू बोले, मिस्त्री, पुरानी बोंडी लगा दो, ढीलीच अच्छी थी. मैं बोला, नक्को भाभी, जान के खराब काम मैं नई करता. तो उनो हाथ जोडे. बोले, फिर चुप बैठो, मैं मेरा देख लेती." रशीद पुढ्यातल्या एका नळीवरची धूळ पुसायला लागला, नव्हतीच धूळ. "तुम गालियां देते गये, मैं खाते गया. क्या करता? जबान दिया था."

"पण का? माझ्यावर एवढा काय अविश्वास?"

तेव्हा त्यानं चष्मा काढला. म्हणला, "तुमकू सच्ची नई मालूम? वो दिन टोपी ढीली थी इसलिये उनका भाई बचा. भेडां वाला."

मला चहा आला होता. मी तो तसाच ठेवून खाली उतरलो. शहागंजात त्या वेळेला पाय ठेवायला जागा नसती, हातगाड्या, रिक्षा, बुरखेवाल्या बाया, कांद्याची पोती. मी एका बंद दुकानाच्या फळीवर बसलो. लोक वळून बघत होते. दोन पायांवर पळालेलं डुक्कर. मी ते पारावर सांगितलं होतं, हात करून दाखवलं होतं, सगळे हसले होते. भिवा घोंगडं पांघरून बांधाच्या आडोशाला बसला होता. तुझा भाऊ. त्यानं तुला सांगितलं, आणि तू त्याला सांगितलंस, दाजीला कळू देऊ नको, ते जगायचे नाहीत. असंच म्हणली असशील. मी तुला ओळखतो. ओळखत होतो असं तरी वाटायचं.

हे बघ. मी आता तुझ्याशी भांडणार आहे, आणि तू उत्तर द्यायला नाहीस म्हणून मी आवाज कमी करणार नाय.

माझ्या हातून माणूस मरता मरता वाचला ही गोष्ट माझी होती. ती तू माझ्यापासून घेतलीस. गावभर वाटलीस, मिस्त्रीला दिलीस, सुनेला दिलीस, पोराला दिलीस. मला नाय दिलीस. भिवा समोरून जायचा आणि मी त्याला नमकहराम म्हणायचो, आणि तो खाली मान घालून जायचा. तो मला भ्यायचा! मला वाटायचं लाजतोय. रशीदला मी चोर म्हणलो. हे सगळं तू बघत होतीस. माझी अब्रू वाचवायला तू मला येडं केलंस.

तू म्हणशील, सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? डोळे दाखवा म्हणलं तर काय बोललात? बरोबर आहे. मी बोललो होतो. पण तो डोळ्यांचा विषय होता. हा माणसाचा होता. एकदा तरी सांगून बघायचंस. मी ओरडलो असतो, ताट फेकलं असतं, आणि सकाळी ठाण्यात जाऊन बंदूक टाकून आलो असतो. नसतो आलो? मला वाटतं आलो असतो. तुला वाटलं नाय. तुला एवढ्या वर्षांत तेवढं पण वाटलं नाय, इथं मला लागतंय. मेणाचं एवढं नाय लागत.

आणि आणखी एक आता कळतंय. आपण ओट्यावर बसलो की रस्त्यानं कोण येतंय ते तू आधीच बोलायचीस. "देशमुखाचा बाळू दिसतोय." "मास्तर आले बरं का." मी म्हणायचो, तुला तोंड बंद ठेवताच येत नाय. तू माझ्यासाठी बघत होतीस. गेल्या पंधरवड्यात तीन माणसं माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोलेपर्यंत मला कळलं नाय कोण आहेत. मी त्यांना ओळख दिली नाय म्हणून ते रागावले असतील. मी आभार मानू का शिव्या देऊ, सांग. दोन्ही तोंडाशी येतात.

बंदूक खुंटीला आहे. ठाण्यात द्यायची का सुदामच्या नावावर करायची ते मी ठरवीन. सुनंदाला सांगितलंय, तिला हात लावायचा नाय, मेण पण लावायचं नाय. ह्या घरात आता माझ्या पाठीमागं काय होणार नाय.

शहागंजातून आलो त्या रात्री पडून राहिलो. सकाळी तांबडं फुटायच्या आधी उठून भिवाच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलो. शेजारच्या रानात मेंढरं बसली होती. कुत्रं भुंकलं, भिवा उठून उभा राहिला, मी ते त्याच्या खोकल्यावरून ओळखलं.

"दाजी? एवढ्या सकाळी?"

मी म्हणलो, "त्या दिवशी कुठं बसला होतास ते दाखव."

त्यानं अंगावरचं घोंगडं सावरलं. मग म्हणला, "कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना. जा, तिथं जाऊन बस. घोंगडं घे तसंच."

"कशाला दाजी. आक्का गेली, इषय गेला."

"जा म्हणलो ना."

"बंदूक तर आणली नाय ना?" त्यानं हसून विचारलं, पण मागं सरकला. मी दोन्ही हात वर करून दाखवले.

तो बांधावरून खाली उतरला. मी आपल्या रानात मकाच्या कडेला, त्या दिवशी होतो तिथं उभा राहिलो. नुसतं फटफटायला लागलं होतं. मी बघत राहिलो. बांधाला चिकटून काळं दिसलं. घोंगडं पांघरून बसलेला माणूस, स्पष्ट, खांदा पण दिसत होता. मी हात उचलून त्याच्यावर बोट रोखलं. मनात म्हणलो, बघ सुदामच्या माय, दिसतंय मला, चांगलं दिसतंय, एवढं सोंग करायची काय गरज नव्हती तुला. ओरडलो, "भिवा, कळलं, उठ आता!"

ते काळं हललं नाय. डावीकडं, पार इकडं, माझ्यापासून दगड टाकला तर लागंल एवढ्यावर भिवा उभा राहिला.

मी बोट खाली घेतलं नाय. विचारलं, "मग हे समोरचं काय हाय?"

"ते? खताचं पोतं हाय दाजी. तुमचंच, सुदामनं टाकलेलं."

तो जवळ आला. घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं. माझ्या तोंडाकडं बघत होता, तो काय तोंड करून बघत होता ते मला दिसत नव्हतं. हळूच म्हणला, "दिसलो का मी?"

व्हय म्हणलो असतो तर तो मान हलवून गेला असता. इतकी वर्षं सगळ्यांनी तेच केलं.

"नाय," मी म्हणलो. मोठ्यानं म्हणलो. तुला ऐकू जावं म्हणून नाय, त्याला जावं म्हणून.